हद्दीबाहेरचा दिवा

विजयकुमार सोवनींना आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटून झाला होता. मेहुण्याच्या फियाटचा, वर्गमित्राच्या केसांचा, मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या साहेबाचा. पण शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या पिंपाचा हेवा वाटण्यापर्यंत मजल मारायला त्यांना अमिरातीत यावं लागलं.

पिंप देखणं होतं, हे सोवनींच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. हिरवं, पोलादी, खाली चार चाकं, वर टोपीसारखं झाकण आणि पोटावर पांढऱ्या रंगात अरबी आकडे. एका सकाळी ते समोरच्या कमरुद्दीन परकारच्या फाटकाशी उभं दिसलं आणि सोवनींचा हात टायच्या गाठीवरच थांबला.

“त्याला पिंप आलं,” ते म्हणाले.

मृणालिनीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. नवऱ्याला लागावं म्हणून न बोलण्याची एक पद्धत असते, त्या पद्धतीने त्या बोलल्या नाहीत. तेरा वर्षांची शुभ्रा कॉर्नफ्लेक्समधून मान वर काढून म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अ डस्टबिन.”

नगरपालिकेच्या हद्दीत लहानाचे मोठे झालेले लोक असंच बोलतात.

सोवनींची वस्ती हद्दीत नव्हती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं. सोवनी रास अल खोरला, गोदामांच्या गर्दीत, पंप विकणाऱ्या एका कंपनीचे अकाउंट्स सांभाळत आणि शहरात दोन खोल्यांत राहत. सत्त्याण्णव साली त्यांना कुणीतरी सांगितलं की तेवढ्याच भाड्यात शहराबाहेर अख्खा बंगला मिळतो. मिळालाही. वाळवंटाच्या कडेला उम्म अल गाफ नावाची वस्ती, दहा-बारा घरं, एक मशीद, एक किराणा दुकान, आणि माणसांपेक्षा अधिक आत्मविश्वासाने वावरणाऱ्या शेळ्या. बंगल्याला अंगण, अंगणात गाफचं झाड, पुढे लोखंडी फाटक. सोवनींच्या घराण्यात आजवर कुणाला फाटक नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सगळा जन्म दुसऱ्या मजल्याच्या सामाईक जिन्यात चपला काढण्यात घालवला होता. सोवनी सुरुवातीला कामाशिवायसुद्धा फाटक उघडत आणि लावत.

शहरातून येताना वाटेत एक गोल चौक लागे. त्याच्या मधोमध सिमेंटची प्रचंड कॉफीची किटली होती. नगरपालिकेची, म्हणजे तिकडच्या भाषेत बलदियाची, हद्द त्या किटलीपाशी संपत असे. किटलीच्या अलीकडे राज्यकारभार होता. पलीकडे ओळखीपाळखी होत्या. वीज घरात यायची, पण गल्लीत दिवा नव्हता. पाणी टँकरने यायचं आणि वापरून झालेलं पाणी दुसऱ्या टँकरने जायचं. दोन्ही टँकर निळे. कुठला आलाय ते वाऱ्यावरून ओळखायचं. कचरा मागच्या अंगणात खड्डा खणून पुरायचा, आणि शेळ्यांनी तो उकरून परत फाटकाशी आणून द्यायचा. ही एवढी एकच सेवा उम्म अल गाफमध्ये अगदी वक्तशीर होती.

मृणालिनीबाईंनी हे सगळं सोसलं. पण एका संध्याकाळी, किराणा घेऊन परतताना, काळोखात ज्याला त्या आपलं फाटक समजून ढकलत होत्या तो उंट निघाला. उंटाने फारसं मनावर घेतलं नाही. मृणालिनीबाईंनी घेतलं.

“जूनमध्ये करार संपतोय,” त्या म्हणाल्या. “तोवर गल्लीत दिवा आला तर राहू. नाही तर मी आणि शुभ्रा परत शहरात, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. तुम्ही मागनं तुमचं फाटक घेऊन या.”

आता असा प्रसंग दुसऱ्या कुणावर आला असता तर त्याने समोरच्या घरी जाऊन विचारलं असतं की बाबा रे, तुला पिंप कसं मिळालं? कमरुद्दीन मूळचा रत्नागिरीकडचा, वीस वर्षं या मुलखात, मासेमारीच्या जाळ्यांचा व्यापार, अरबी अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर त्याने डोक्याला रुमाल बांधलाय असं वाटावं. माणूस हसतमुख. पण सोवनींची अडचण अशी की पिंपाच्या आधी कमरुद्दीनच्या दारापुढची वाळू बुलडोझरने सपाट करून दिली गेली होती, आणि तो बुलडोझर सोवनींच्या दारावरून उलटा वळला होता. वळताना त्याने सोवनींच्या बाजूला वाळूचा एक ढीग ठेवला होता. ज्याच्यामुळे आपल्या दारात ढीग आला त्याच्यापुढे हात पसरणं हे सोवनींच्या स्वभावात नव्हतं.

त्यातच कमरुद्दीनची बायको शहनाझ खापरोळ्यांचा डबा घेऊन आली आणि मृणालिनीबाईंना सांगून गेली की ह्ये बोलत होते, आपल्या गल्लीत दिव्याचा खांब येनार हाय. एकच येनार हाय, पन येनार हाय.

गल्लीच्या टोकाला समोरासमोर घरं दोनच. सोवनींनी त्या रात्री खापरोळी खाल्ली नाही. म्हणजे एक खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते बलदियाच्या कचेरीत गेले. सोबत इंग्रजीत टाइप केलेला अर्ज होता, तीन मुद्द्यांचा, मुद्द्यांना पोटकलमं. काउंटरवरचा तरुण अधिकारी इतका सुसंस्कृत होता की त्याच्याशी भांडायला जागाच नव्हती. त्याने सोवनींना खुर्ची दिली, चहा मागवला, भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं, किटलीवर बोट ठेवलं, मग ते बोट किटलीच्या बरंच पलीकडे नेऊन हळूच म्हणाला, “हाजा खारिज.”

सोवनी दचकले. अर्ज अजून घडीच घातलेला होता.

“खारीज? न वाचताच?”

“खारिज,” तो दिलगिरीने म्हणाला.

सोवनींनी निदान पहिला मुद्दा तरी वाचा अशी विनंती केली. त्याने तिन्ही मुद्दे वाचले, पोटकलमं वाचली, सोवनींच्या इंग्रजीची स्तुती केली, आणि परत नकाशाकडे बोट करून तेच म्हणाला. उम्म अल गाफचं काय असेल ते तिथल्या बू राशिदना विचारा, ते कळवतील तेव्हा आम्ही करू, असंही त्याने समजावून सांगितलं. सोवनी चहा अर्धा टाकून उठले. अपमान झाल्यावर चहा पुरा प्यायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज होता.

ही हकीकत त्यांनी ऑफिसात मधू सावेला सांगितली. मधू सावे डिस्पॅचला होता, ठाण्याचा. पुढे जे काही घडलं त्याची अर्धी जबाबदारी त्याची आहे.

“तुला काय म्हणाला तो? खारीज. तू काय समजलास? खारीज,” सावे म्हणाला. “मग तुला अरबी येत नाही असं कोण म्हणतं? अर्ज, हुकूम, दाखला, मुदत, तारीख, वसूल. सगळं इकडचंच. अरे, आपण तीनशे वर्षं अरबी बोलतोय, आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच. सरळ जा त्या म्हाताऱ्याकडे आणि मराठी बोल. फक्त घशातून बोल.”

पैसे न देता मिळालेल्या ज्ञानावर मध्यमवर्गीय माणसाचा फार विश्वास असतो. सोवनी आठवडाभर गाडीत घशातून मराठी बोलत राहिले.

गुरुवारी संध्याकाळी कमरुद्दीन आपण होऊन फाटकाशी आला. “सोवनीसाहेब, चला माझ्याबरोबर मजलिसला,” तो म्हणाला. “बू राशिद मोठा दिलदार मानूस हाय. दोन पेले गावा प्यायचा, हालहवाल करायची नि उठायचा. मागायचा मात्र काय नाय.”

गावा म्हणजे तिकडची कॉफी, आणि मजलिस म्हणजे बू राशिद यांची बैठकीची खोली. पण सोवनींच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं शिरलं. मागायचं काय नाही. ज्याला पिंप मिळालंय तो दुसऱ्याला हेच सांगणार. त्यांनी गोड हसून डोकं दुखत असल्याचं सांगितलं, कमरुद्दीन एकटाच जाऊन परत येईपर्यंत पडद्याआड वाट पाहिली, आणि मग बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाले.

बू राशिद वस्तीतले वडीलधारे. पांढरी दाढी, भरदार आवाज. उम्म अल गाफमध्ये जो काही कारभार होता तो त्यांच्या गालिच्यावर चाले. कुणाची शेळी, कुणाचा टँकर, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं तिथेच. त्यांनी सोवनींना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांचं नाव तीनदा विचारून शेवटी ‘सोफानी’वर समाधान मानलं. कॉफी आली. पुरे असेल तर रिकामा पेला हातात जरा हलवायचा असतो. न हलवता धरला की वाढणारा पुन्हा ओततो. कमरुद्दीनबरोबर गेले असते तर सोवनींना हे कळलं असतं. कॉफी कडू, वेलचीची, आणि नाही कसं म्हणायचं, म्हणून सोवनी पीत राहिले. हळूहळू त्यांचे डोळे मोठे झाले आणि हात थरथरायला लागले. अशा अवस्थेत बू राशिदनी विचारलं की घर कसं आहे?

सोवनींनी घसा तयार केला. आपण साधे मध्यमवर्गीय लोक आहोत, दारात दिवा नाही, आमच्याकडे कुणी बघत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

“बेत गरीब,” ते म्हणाले. घर गरीब.

मजलिस गप्प झाली. सोवनींना वाटलं, निशाण्यावर लागलं.

“हुर्मा गरीब. बिंत गरीब. आना वाजिद गरीब,” ते पुढे म्हणाले. बायको गरीब, मुलगी गरीब, मी तर फारच गरीब. आणि दिव्यासाठी सावेने मुद्दाम दिलेला शब्द त्यांनी शेवटी काढला. ‘नाही’ला तिकडे माफी म्हणतात हे प्रत्येक हिंदुस्थानी माणूस विमानतळावरच शिकतो. “फि लेल माफी नूर.” रात्री प्रकाश नाही.

बू राशिदनी जपमाळेचे मणी ओढणं थांबवलं. हे रोज रात्री होतं का, असं त्यांनी हातवारे करून विचारलं. सोवनी म्हणाले, रोज. कधीपासून? आल्या दिवसापासून. बायको घाबरते का? घाबरते म्हणजे काय, घर सोडते म्हणते. सोवनींच्या पलीकडे बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. बू राशिदनी सोवनींचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला, त्यांच्या डोळ्यांत खोल पाहिलं, आणि उद्या दुपारच्या नमाजानंतर आपण स्वतः येतो असं वचन दिलं. “खलास, सोफानी,” ते म्हणाले.

सोवनी घरी आले ते तरंगतच. कमरुद्दीनच्या घराकडे त्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. कीव करणं हा त्यांचा प्रांत नव्हता, त्यामुळे चेहरा जरा वाकडाच झाला, पण काळोखात कुणाला दिसला नाही.

शुक्रवारी मृणालिनीबाईंनी रेशमी साडी नेसली. खांब रस्त्यावरचा असला तरी आपल्यासाठी येतोय, तेव्हा पूजा नको का? हळदकुंकू, निरांजन, नारळ, सगळं घेऊन त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. वाळूचा पांढरा लोट दिसला, दोन गाड्या थांबल्या, आणि खाली उतरले ते बू राशिद, मशिदीचे इमामसाहेब, पाच-सहा गंभीर चेहऱ्यांची मंडळी आणि एक मोठं धुपाटणं. खांब कुठेच नव्हता.

“खांब मागनं येत असेल,” सोवनी म्हणाले.

मंडळींनी ताटातलं कुंकू पाहिलं, नारळ पाहिला, भर उन्हात पेटवलेलं निरांजन पाहिलं, आणि एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. बिचारी आपल्या परीने उपाय करतेय, असं त्यांना स्पष्ट दिसत होतं. मग इमामसाहेबांनी अंगणात उभं राहून शांत, सुरेल आवाजात पठण केलं, धूप खोल्याखोल्यांतून फिरला, उंबऱ्यावर पाणी शिंपडलं गेलं. मृणालिनीबाई भक्तिभावाने हात जोडून उभ्या होत्या. विजेच्या खांबासाठी एवढी आस्था पुण्यात कुणी दाखवली नव्हती. शुभ्रा धुरातून खोकत बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, आय थिंक दे आर डूइंग अ घोस्ट थिंग.”

गर्दी बघून कमरुद्दीन धावत आला. बू राशिदनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या मिशा हलायला लागल्या. मग तो सोवनींपाशी आला.

“साहेब, तुमच्या घरात भूत हाय म्हनून सांगितलंत?”

“मी? मी म्हटलं आम्ही गरीब आहोत.”

कमरुद्दीनने एकदा आभाळाकडे पाहिलं. “गरीब म्हंजे हिकडे गरीब नाय हो. गरीब म्हंजे विचित्र, अजब. तुमी बोललात घर अजब, बायको अजब, मी तर भलताच अजब. रात्री नूर, म्हंजे अल्लाचा उजेड, नाय. आनि डोळे असे करून बोललात असाल.”

सोवनींच्या मनात एकदम बलदियाची कचेरी आली. “आणि खारीज?”

“खारिज म्हंजे भायेर. हद्दीभायेर.”

सोवनींना फाटकाचा आधार घ्यावा लागला. फाटकाचा त्यांना झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. कमरुद्दीन तोवर परत मंडळींकडे गेला होता. तो अरबीत काहीतरी मिनिटभर बोलला आणि सगळी मंडळी, इमामसाहेबांसकट, पोट धरून हसली. एवढ्या अपमानातसुद्धा सोवनींना वाटलं, काय बोलतो हा. आपल्याला एकदा तरी असं बोलता यावं.

“काय सांगितलंस त्यांना?”

“सांगितला, घर चांगला हाय,” कमरुद्दीन म्हणाला. “मानूसच गरीब हाय.”

बू राशिदनी हा खुलासा ऐकून घेतला, पण पुरता मानला नाही. जुन्या माणसांना असा खुलासा पटत नाही. जाताना त्यांनी सोवनींच्या पाठीवरून हात फिरवला आणि लाडू फार चांगले होते असं सांगितलं.

आणि खांब आला. करार संपायच्या आत, भर दुपारी, ट्रकवर आडवा पडून आला आणि थेट सोवनींच्या फाटकाशी उभा राहिला. उंच, चंदेरी, मान किंचित झुकवलेला. सोवनी दोन तास उन्हात उभे राहून कमरुद्दीनच्या दाराकडे बघत होते. कुणीतरी बाहेर येऊन जळावं एवढीच त्यांची इच्छा होती. कमरुद्दीन बाहेर आला, पण तो कामगारांना लिंबाचं सरबत देऊन गेला.

पण खांबाची तार बलदियाची नव्हती, कारण बलदिया किटलीपाशी संपत होती. तार आली सोवनींच्या मीटरमधून आणि बटण बसलं सोवनींच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला. बू राशिदनी निरोप पाठवला होता की ज्या माणसाला रात्री झोप लागत नाही त्याच्याचकडे दिव्याची जबाबदारी असलेली बरी. रोज मगरिबला, म्हणजे दिवेलागणीला लावायचा, फजरला, म्हणजे पहाटे विझवायचा.

महिन्याचं पहिलं बिल आलं. मृणालिनीबाईंनी दिरहॅमचे रुपये मोठ्याने करून दाखवले आणि ते परत कधी करायचे नाहीत असं ठरलं.

मग दिव्यामागून बाकीचा संसार आला. कचऱ्याच्या गाडीवाल्याला पिंपाचा नंबर नीट दिसावा म्हणून समोरचं पिंप दिव्याखाली आलं. एका पिंपाने भागेना म्हणून आणखी दोन आली. गावाचा कचरा तिथे आला आणि कचऱ्यामागून शेळ्या आल्या. उजेड आहे म्हणून मुलांचा फुटबॉल आला. मुश्ताक नावाचा पठाण मैल्याचा टँकर चालवायचा, त्याला पाइप तपासायला हाच उजेड सोयीचा वाटला. सोवनींनी त्याला सौम्यपणे विचारलं, तर तो अभिमानाने म्हणाला, “साब, पूरे इलाक़े में ऐसी रोशनी नहीं।” आणि टँकरची झडप उघडली.

लोक सोवनींना बलदिया म्हणायला लागले. पाण्याचा टँकर आला नाही, या बलदिया. शेळी शेजाऱ्याच्या दाण्यात शिरली, या बलदिया. सोवनी आधी खुलासे करत. नंतर त्यांना कळलं की हद्दीबाहेरचा कारभार असाच चालतो: ज्याच्या दारात उजेड असेल ते सरकार. दिवा लावायला उशीर झाला की पोरं फाटक वाजवत. ऑफिसातून सुटून किटलीच्या चौकात ट्रॅफिक लागला की सोवनींच्या कपाळावर घाम येई, कारण उम्म अल गाफमध्ये त्यांच्यावाचून रात्र सुरू होत नसे. पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली, पण बटण कुणाकडे देणार, म्हणून पुण्याची तिकिटं रद्द झाली.

जून आला. सोवनींनी फार विचार करून एका सकाळी विषय काढला. शहरात लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट आहे. खाली वॉचमन असतो. दिवे आपोआप लागतात. कचरा डक्टमध्ये टाकला की कुठे जातो कुणाला माहीतही नसतं.

“गेल्याच आठवड्यात तीन वर्षांचा केला करार,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही शेळीच्या तक्रारीला गेला होतात तेव्हा मालक आले होते. मीच सांगितलं, तीनचा करा.”

त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळ झाली की दिव्याखाली खुर्ची टाकून त्या बसत. बायका भांडणं घेऊन येत, बू राशिदांच्या घरून हरीसचं, म्हणजे गव्हाच्या खिमटाचं, पातेलं येई. त्या अरबी शिकल्या होत्या, खरी अरबी. त्यांना लोक ‘उम्म शुभ्रा’, म्हणजे शुभ्राची आई, म्हणत आणि उंटसुद्धा वाट देत.

एका संध्याकाळी सोवनींनी बटण दाबलं, मैल्याच्या टँकरला वळसा घातला, फुटबॉल चुकवला आणि सरळ रस्ता ओलांडून कमरुद्दीनच्या अंगणात गेले. तिथे काळोख होता. गार, मऊ, वाऱ्याचा. बाजेवर कमरुद्दीन उताणा पडला होता, बाजूला रेडिओ हळू चालू होता आणि वर चांदण्या होत्या. सोवनींच्या अंगणातून खांब आल्यापासून एकही चांदणी दिसली नव्हती.

“कमरुद्दीन, तुला हवाय का खांब?” त्यांनी विचारलं. “माझं काही म्हणणं नाही. हलवता येईल.”

“नको, बाबा.” कमरुद्दीनने बाजेवर जागा करून दिली. “बू राशिदनी आधी मलाच इचारलेला, खांब कुठं लावू. मी बोललो, सोवनीसाहेबांच्या फाटकाशी लावा. घरात पोरगी हाय, वहिनींना काळोखाचा भ्याव वाटतो. ठरलेलाच होता ता. त्या गुरुवारी तुमाला हेच सांगायला नेनार होतो मजलिसला. पन तुमचा डोका दुखत होता.”

सोवनी बाजेच्या कडेवर टेकले. अंधारात चेहरा न दिसण्याची सोय किती मोठी असते ते त्यांना तेव्हा कळलं.

मग त्यांनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे एक घर लख्ख उजळलं होतं. फाटक सताड उघडं होतं, गाफच्या झाडाची सावली भिंतीवर हलत होती, पोरं ओरडत होती, आणि झाडाखाली खुर्चीत एक बाई राणीसारखी बसून कुणाला तरी हातवारे करून काही समजावत होती. तिच्याभोवती चार बायका हसत होत्या. कुणीतरी चहा आणत होतं.

सोवनींनी ते घर डोळे भरून पाहिलं, आणि तिथे राहणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी हेवा वाटला.